गोचिडीच्या अंड्यात लम्पी असतो म्हणे, मग गोठाच पाडू का?

पत्र थोडक्यात असं आहे. फलटण तालुक्यातल्या एका ताईंचा घरचा दुधाचा धंदा. गेल्या पावसाळ्यात लम्पीत एक एचएफ क्रॉस (विदेशी होल्स्टीन जातीशी संकर केलेली) गाय गेली, तिच्या मागोमाग कालवड गेली, तिसरी बरी झाली पण दूध आटलं म्हणून विकली. आता गोठ्यात एक म्हैस आणि तीन शेळ्या. दोन नव्या गाईंसाठी लोन मंजूर झालंय. दिरांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला की लम्पीचा व्हायरस गोचिडीच्या अंड्यातून पिल्लांत उतरतो आणि सात पिढ्या जात नाही, म्हणून जुना दगडमातीचा गोठा पाडायचा आणि नवा बांधायचा, खर्च दोन लाखांच्या पुढे. नवऱ्याचं म्हणणं, तेव्हाच्या गोचिडी कधीच मेल्या, आत्ता दिसतात त्या नंतर जन्मलेल्या, त्यांचा लम्पीशी काय संबंध, याच महिन्यात गाई आणू. सासूबाई म्हणतात या जागेवर गाय लाभतच नाही. नऊ वर्षांचा मुलगा रोज शाळेतून आला की म्हशीच्या गोचिडी हाताने काढतो आणि दगडावर चिरडतो, ताईंना त्याचं कौतुक वाटतं. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: "मी वेळेवर गोचिडी काढल्या असत्या तर गाय वाचली असती का?"

ताई, नमस्कार.

गोठ्याचं नंतर बघू, आधी तुमची शेवटची ओळ घेते, कारण मला वाटतं बाकी सगळं पत्र तिच्यासाठीच लिहिलंय. लम्पी आपल्या देशात 2019 ला पहिल्यांदा ओडिशात सापडला, 2020 ला महाराष्ट्रात आला आणि 2022 ला किती झपाट्याने पसरला ते तुम्ही पाहिलंच असेल. आता विचार करा, गोचिडीला पंख नाहीत, स्वतःच्या पायाने ती फार तर काही हात चालते. एवढा पल्ला मारायला चावऱ्या माश्या, डास आणि टेम्पोत घालून बाजारात नेलेली आजारी जनावरं लागतात. पावसाळ्यात लम्पी उसळतो तो मुख्यतः या माश्या-डासांमुळे, आजारी गाईला चावलेली माशी तोंडाला लागलेलं रक्त घेऊन शेजारच्या गाईवर बसते, बस एवढंच. त्यामुळे तुम्ही दोन गोचिडी कमी काढल्या म्हणून गाय गेली हा हिशोब डोक्यातून काढा. गाईंना त्या वर्षी लस टोचली होती का ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मी ते आता उकरून काढायला विचारत नाहीये, नव्या गाईंसाठी विचारतेय.

आता दिरांचा व्हिडिओ. खरं सांगू का, मला वाटलं होतं की नेहमीसारखं काहीतरी फेकलेलं असणार, पण यात अर्धी गोष्ट खरी आहे. दक्षिण आफ्रिकेत संशोधकांनी हा प्रयोग केलेला आहे, 2013 ला तो छापून आला. लम्पीची लागण केलेल्या गाईंवर गोचिडी पोसल्या, रक्त पिऊन टम्म झालेल्या माद्या खाली पडल्यावर त्यांना अंडी घालू दिली, त्या अंड्यांतून निघालेली पिल्लं निरोगी गाईंवर सोडली. पिल्लांनी आजारी गाय जन्मात पाहिलेली नव्हती, तरी त्या निरोगी गाईंच्या रक्तात व्हायरस आला आणि सौम्य लक्षणंही दिसली. म्हणजे आईकडून अंड्यात, अंड्यातून पिल्लात, पिल्लातून गाईत हे होऊ शकतं. प्रयोगातली गोचीड आफ्रिकेतली निळी गोचीड होती, आपल्याकडे गाईच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीला, मानेला जी राखाडी-निळसर गोचीड झुपक्याने दिसते तिच्या अगदी जवळच्या नात्यातली.

हे होतं कसं ते जरा नीट सांगते, कारण एकदा ते कळलं की गोठ्याचं काय करायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल. गोचीड गाईचं रक्त पिते, रक्तातला व्हायरस तिच्या आतड्यात जातो. बहुतेक वेळा तिथेच संपतो. काही व्हायरस मात्र आतड्याची भिंत ओलांडून तिच्या अंगातल्या द्रवात उतरतात, तिथून लाळेच्या ग्रंथीत जातात आणि मादी असेल तर अंडाशयातही. अंडी तयार होत असतानाच तो आत शिरला की पिल्लू जन्मतःच व्हायरस घेऊन येतं. पण सगळ्या अंड्यांत नाही हां, आणि सगळ्या माद्यांतही नाही. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, त्यातल्या थोड्याच पिल्लांत तो उतरतो.

आणि आपल्या या निळसर गोचिडीची एक खोड आहे, जी तुम्ही रोज बघता पण कदाचित लक्षात आली नसेल. ती एकाच गाईवर आयुष्य काढते. सहा पायांचं, मोहरीच्या दाण्याहून बारीक पिल्लू गवतावरून किंवा गव्हाणीवरून गाईच्या अंगावर चढतं, तिथेच दोनदा कात टाकतं, आठ पायांचं होतं, तिथेच नर-मादी जुळतात, साधारण तीन आठवड्यांत मादी फुगते, आणि बहुतेकदा पहाटेच्या सुमारास गळून पडते, मग भिंतीच्या फटीत, शेणाखाली, गव्हाणीच्या बुडाशी जाऊन एकदाच अंड्यांचा चकचकीत तपकिरी ढीग घालते आणि मरते. बघा ना, जी मादी दुसऱ्या गाईवर कधी जातच नाही ती दुसऱ्या गाईला रोग देणार कशी? एकच रस्ता उरतो, पोरांकरवी. म्हणून या जातीच्या गोचिडीत अंड्यातून जाणं एवढं महत्त्वाचं. (नर थोडे भटके असतात, दावणीला गाई अंगाला अंग लावून बांधल्या असतील तर ते एकीवरून दुसरीवर जातात, तेही ध्यानात ठेवा.)

पण सात पिढ्या? तिथे व्हिडिओवाल्याने मीठ-मसाला टाकला. हिशोब समजावा म्हणून एक आकडा धरते, खरा नाही, नुसता धरलेला. समजा व्हायरसवाल्या आईच्या शंभरातल्या दहा पिल्लांत व्हायरस उतरला. त्यांच्या पिल्लांत शंभरात एक, पुढच्या खेपेला हजारात एक. म्हणजे नुसत्या वारशावर तो आपोआप झिजत जातो. त्याला पुन्हा उभारी मिळते ती आजारी जनावराच्या रक्तातून, तिथे एकदम शेकडो गोचिडी नव्याने भरल्या जातात. तुमच्या गोठ्यात पावसाळ्यानंतर लम्पीची एकही केस नाही. म्हणजे भरणी बंद आहे.

नवऱ्याच्या म्हणण्यातही अर्धी खोट आहे, त्यांना हे वाचून दाखवा. "नवी जन्मलेली म्हणजे कोरी" हे चालत नाही, वर सांगितलेला प्रयोग नेमका हेच खोटं ठरवतो. आणि दुसरं, उपाशी पिल्लं लगेच मरत नाहीत, थंड-ओलसर जागा मिळाली तर कित्येक महिने गाईची वाट बघत बसतात, आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात मात्र लवकर वाळून जातात. त्यात तुमच्या गोठ्यात म्हैस आणि शेळ्या आहेत म्हणजे गोठा रिकामा नाहीच, गोचिडीला जेवण चालू आहे.

ही अंड्याची भानगड नवी नाही बरं का. अमेरिकेत टेक्सासकडून गुरं उत्तरेला नेली की तिथली गुरं लाल लघवी होऊन पटापट मरायची, आणि टेक्सासची गुरं मात्र ठणठणीत, कोणालाच उलगडा होईना. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या दोघा संशोधकांनी अंड्यांतून काढलेली गोचिडीची पिल्लं थेट निरोगी गाईंवर सोडली आणि गाई आजारी पडल्या, त्यांचा अहवाल 1893 ला आला. तो व्हायरस नव्हता, रक्तातला परजीवी होता, ज्याला डॉक्टर बबेसिया म्हणतात आणि जो आपल्याकडेही आहे. पण मला त्यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. 1906 पासून तिकडे गुरांना औषधात बुडवणं आणि कुरणं मोकळी ठेवून पिल्लांना उपाशी मारणं असं दोन्ही एकदम सुरू केलं आणि 1943 पर्यंत मेक्सिकोच्या सीमेलगतची पट्टी सोडली तर जवळजवळ सगळीकडून ती गोचीड घालवली. एकाही गोठ्याला शाप म्हणून सोडून द्यावं लागलं नाही.

सगळेच रोग अंड्यातून जातात असंही नाही. क्रॉस गाईंना, वासरांना जो थायलेरिया होतो, कानामागच्या-खांद्यापुढच्या गाठी सुजतात, कडक ताप येतो, तो अंड्यातून जात नाही. तिथे पिल्लाने आजारी जनावराचं रक्त प्यायलंच पाहिजे, मग कात टाकल्यावर पुढच्या अवस्थेत ते रोग देतं. म्हणजे त्या रोगाबाबतीत तुमचा नवरा बरोबर ठरला असता. बबेसियात दीर बरोबर, लम्पीत दोघंही अर्धे-अर्धे. घरात शांतता राहावी म्हणून एवढं पुरे.

आता गोठा. पाडू नका. दोन लाख हातात असते तरी नका म्हटलं असतं, कारण पाडलेल्या गोठ्याचे तेच दगड, तेच वासे, तीच माती नव्या गोठ्याला लागणार ना? गोचिडी त्या सामानासकट नव्या घरी राहायला येतील. त्यापेक्षा आधी बघा की आहे किती. उन्हं वर आल्यावर पांढरी जुनी चादर घ्या, पायात गमबूट, हातात मोजे, आणि गव्हाणीच्या कडेने, भिंतीच्या बुडाने, बाहेरच्या गवतावरून हळूहळू ओढा. पिल्लं असतील तर चादरीवर तिखटाच्या पुडीसारखे ठिपके हलताना दिसतात. मग ती चादर उकळत्या पाण्यात. कुठल्या कोपऱ्यात जास्त निघाल्या ते लक्षात राहील, तिथूनच कामाला लागा.

काम म्हणजे काय, तर म्हैस-शेळ्या निदान आठवडाभर बाहेर झाडाखाली हलवा, शेण, पाचट, जुना कडबा सगळं खरडून काढा आणि लांब उकिरड्यात दाबा, गोठ्याला टेकून ढीग नको. भिंतीच्या फटींवर फ्लेम गन फिरवा, छप्पर पाचटाचं किंवा वर लाकूड असेल तर सांभाळून, शेजारी पाण्याची बादली आणि दुसरा माणूस हवाच. मग सिमेंट-वाळूने फटी बुजवा. दगडमातीच्या गोठ्याचं खरं दुखणं त्याच्या फटी आहेत, आणि त्या बुजवायला काही हजारांत भागतं. सगळं स्वच्छ झाल्यावर दोन-तीन टक्के सोडियम हायपोक्लोराइट मारा, शेण काढायच्या आधी मारलंत तर वाया, शेणात त्याचा जोर जातो, आणि ते फिनाईल किंवा अ‍ॅसिडमध्ये मिसळू नका. वर चुन्याचा हात. गोचिडीचं औषध भिंतींवरही मारायचं, ते डॉक्टरांकडून प्रमाण विचारून. जमलं तर एखादा पत्रा काढून ऊन आत येईल असं करा, लम्पीचा व्हायरस अंधाऱ्या गोठ्यात, गळालेल्या खपल्यांमध्ये कित्येक महिने टिकतो, आणि उन्हाने लवकर मरतो. खरं सांगायचं तर तुमच्या गोठ्यात अंड्यांपेक्षा त्या खपल्यांची मला जास्त काळजी वाटते आणि तिकडे कोणाचंच लक्ष नाही. आणि चार गावठी कोंबड्या पाळा, त्या गोचिडी टिपतात, वर अंडीही.

म्हशीला आणि शेळ्यांना गोचिडीची फवारणी एकाच दिवशी, एकही सोडायची नाही. एक फवारणी करून लोक खूश होतात आणि तिथेच फसतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, मग पुन्हा, कारण पहिल्या फवारणीनंतर फटीतली पिल्लं वर चढतात आणि तीन आठवड्यांत त्यांतल्या माद्या फुगून पडायच्या आत त्यांना गाठायचंय. मादी अंगावर असतानाच मेली तर दोन हजार अंडी टळली, वारसा-बिरसा सगळं तिथेच संपलं. औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच, अंदाजाने "थोडं कडक" करू नका, पातळही करू नका, डेल्टामेथ्रीनसारख्या औषधांना बऱ्याच ठिकाणी गोचिडी आता दाद देत नाहीत, तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगून औषधाचा गटच बदला. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मेडिकलवाला सहज देतो, पण दुभत्या जनावराला नको, ते दुधात उतरतं आणि दूध डेअरीला जातं.

गाई आणायची घाई महिनाभर थांबवा, बँकेत सांगितलं तर लोनचे पैसे उचलायची तारीख पुढे घेता येते का ते बघतात, विचारून तर बघा. ज्यांच्याकडून गाय घेणार त्यांच्याकडेच लम्पीची लस टोचून घ्या, त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी आणा, आणि आणल्यावर 28 दिवस वेगळ्या जागी बांधा, म्हशीच्या दावणीला नाही. बाजारात गाय बघताना सड, दात, वेत सगळं बघतो आपण, पण शेपटी उचलून खाली, कासेच्या मागे, कानाच्या आत बोट फिरवून बघत नाही. दुसऱ्याच्या गोठ्याच्या गोचिडी आपण पैसे देऊन घरी आणतो, त्या गाडीतून उतरायच्या आधी फवारणी व्हायला पाहिजे.

आता मुलाचं. ताई, हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं असं तुम्हाला वाटेल, पण मला हे सावकाश सांगायचं होतं, म्हणजे तुम्ही त्याला रागावणार नाही. तो जे करतोय ते आजपासून बंद. लम्पी माणसाला होत नाही, त्याची भीती नाही. पण गोचिडीच्या अंगात दुसराही एक व्हायरस असू शकतो, काँगो तापाचा. तो प्रामुख्याने हायलोमा नावाच्या गोचिडीत असतो, तपकिरी, चपळ, लांब पायांवर फिकट पट्टे, म्हशीच्या-गाईच्या कासेजवळ आणि शेपटीखाली बसते. हा व्हायरसही आईकडून अंड्यांत जातो, कात टाकताना टिकून राहतो, नराकडून मादीलाही मिळतो, म्हणजे गोचीडच त्याचं घर. जनावराच्या रक्तात तो साधारण आठवडाभर असतो आणि जनावराला काहीच होत नाही, ना ताप ना दूध कमी, त्यामुळे बघून कळणं शक्यच नाही. माणसाला झाला तर दर शंभरात दहा ते चाळीस दगावतात. भारतात तो पहिल्यांदा जानेवारी 2011 मध्ये गुजरातच्या साणंद भागात सापडला, पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) ते नक्की केलं, पेशंट बाई गेल्या आणि त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही गेल्या. नंतर बऱ्याच राज्यांतल्या गुराढोरांच्या रक्तात त्याच्या खुणा मिळाल्या, आणि 2020 ला पालघर जिल्ह्यात प्रशासनाने सावधगिरीचा इशारा दिला होता.

फलटणला काँगो ताप आलाय असं मी म्हणत नाहीये, घाबरू नका. पण एरंडीच्या बीएवढी फुगलेली गोचीड दगडावर फुटली की रक्त उडतं, आणि नऊ वर्षांच्या पोराच्या बोटांना खरचटलेलं नसतं असं कधी होतं का. गोचीड काढायचीच असेल तर मोठ्या माणसाने, हातमोजे घालून, चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडून सरळ ओढायची आणि साबणाच्या दाट पाण्यात किंवा रॉकेलच्या बाटलीत टाकून झाकण लावायचं. चिरडायची नाही, जनावराच्या अंगावर असताना जाळायची नाही, जमिनीवर सोडायची तर मुळीच नाही, मादी असेल तर मेल्यासारखी पडून राहते आणि नंतर फटीत जाऊन अंडी घालते. घरात कोणालाही गोचीड चावल्यावर किंवा जनावराच्या रक्ताशी संबंध आल्यावर दोन आठवड्यांच्या आत जोराचा ताप, अंगदुखी, हिरड्या-नाकातून रक्त असं काही झालं तर दवाखान्यात गेल्या गेल्या "गोचिडी हाताळल्या होत्या" हे स्वतःहून सांगा, डॉक्टर ते विचारतीलच असं नाही. मुलाला बाटल्यांवर तारखा लिहायचं आणि कोणत्या दिवशी किती निघाल्या ते वहीत मांडायचं काम द्या, गोचिडी कमी होतायत का हे त्या वहीवरूनच कळेल.

राहिल्या सासूबाई. "जागा लाभत नाही" याला हसू नका, त्यांनी त्या जागेवर तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त गाई पाहिल्यात. त्यांच्याजवळ बसून एवढंच विचारा की आधी ज्या गाई गेल्या त्यांना काय झालं होतं, कोणत्या महिन्यात, बाहेरून विकत आणलेल्या होत्या की घरच्या, आणि लघवी कोऱ्या चहासारखी लालसर-काळी झाली होती का. जर त्या हो म्हणाल्या, आणि त्या गाई बाहेरून आणलेल्याच होत्या, तर मला लाल लघवीचा, म्हणजे त्या बबेसियाचा संशय येईल, जो याच निळसर गोचिडीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो, आणि बिनगोचिडीच्या गोठ्यातून आलेल्या नव्या गाईला सगळ्यात जोरात धरतो. तसं असेल तर नव्या गाई आल्यावर पहिल्या महिन्यात रोज ताप बघा, आणि ताप 104 च्या वर गेला की औषध देण्याआधी डॉक्टरांना कानाच्या शिरेतलं रक्त काचपट्टीवर घेऊन तपासायला सांगा. लाल लघवीवर औषध आहे, ते वेळेत मिळालं तर गाय उठते.